गोधडीचे दान



मंडळाच्या गेल्या दोन बैठकांत एकाच विषयावर बराच वेळ गेला. काही काकू-वहिनींनी सूचना मांडली, की घरोघरी पडून असलेल्या जुन्या सुती साड्या गोळा कराव्यात, सुट्टीच्या दिवशी एकत्र बसून त्यांच्या गोधड्या शिवाव्यात आणि त्या गरजूंना द्याव्यात. त्यावर काही बंधूंनी हिशेब मांडला. एक गोधडी शिवायला चार जणींचे तीन-चार दिवस जातात. तेवढ्या वेळात वर्गणी काढून बाजारातून ब्लँकेटांचा गठ्ठा आणता येईल. मग हा खटाटोप कशासाठी? शेवटी एका भगिनीने विचारले, "आपले जुने दुसऱ्याला देणे हे दान की अडगळ काढणे?" या प्रश्नावर मात्र सगळेच गप्प झाले.

हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटला. मते मोजून तो सुटणार नाही. आपल्याआधी लोकांनी वस्त्र कसे दिले, कोणी नीट दिले, कोणाचे चुकले, हे पाहिले तर काही उजेड पडेल असे वाटले. म्हणून हा लेखप्रपंच.

गोधडी घडते कशी

आपल्यातील मुले इथेच वाढत आहेत. त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. गोधडी म्हणजे जुन्या कपड्यांचे थर एकावर एक घालून, हाताने टाके घालून केलेले अंथरूण-पांघरूण. देशावर गोधडी, कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ, सीमाभागात कानडी शेजाऱ्यांची कौदी. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, सिंधमध्ये रल्ली. कच्छ-सौराष्ट्रात तिला धडकी म्हणतात. आपल्याला धडकी भरते, ते लोक ती पांघरतात! आपण राहतो तिथल्या अरबीत रजईला लिहाफ म्हणतात आणि उर्दूतही तोच शब्द आहे. मुलखागणिक नाव बदलते, कृती मात्र जवळपास एकच.

गावाकडे हे काम उन्हाळ्यातले. शेताची कामे हलकी झाली, की दुपारच्या वेळी ओटीवर किंवा अंगणात सावली धरून बायका बसत. खाली एक धड लुगडे पसरायचे. त्यावर फाटकी धोतरे, सदरे, पोरांची कापडे, जे हाती लागेल ते सुरकुती न पाडता अंथरायचे. ही झाली भर. वर पुन्हा मऊ लुगडे. कडा आत दुमडून घ्यायच्या आणि मग काठापासून धावदोरा घालत, चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत यायचे. चारही बाजूंना चौघी बसल्या तर काम लवकर उरकते आणि गप्पाही होतात. ज्यांना सवड नाही त्यांच्यासाठी मजुरीवर गोधडी शिवून देणाऱ्या बायाही दारोदार येत.

या कृतीत एक शहाणपण आहे. एकेक कापड सुटे असताना ते चिंधी असते, त्याला कोणी विचारत नाही. तेच थराथरांनी टाक्यांत बांधले की वर्षानुवर्षे टिकणारी ऊब होते. टाके जितके जवळ तितकी गोधडी टिकाऊ. मधले कापड झिजले तरी टाके त्याला हलू देत नाहीत. नवरात्राआधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन आपटून धुवायच्या, दगडांवर वाळत टाकायच्या आणि फाटेल तिथे ठिगळ लावून वर नवा थर घालायचा. म्हणून जुन्या घरातील गोधडीच्या पोटात कधी कधी दोन-तीन पिढ्यांचे कपडे सापडतात.

आणि हे जुने कापड हलके मानले जात नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. घरात बाळ जन्माला आले की त्याचे दुपटे आजीच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे करण्याची रीत आहे. घरातल्या सर्वांत लाडक्या जिवाला आपण जुनेच कापड देतो, कारण ते अंगाला टोचत नाही आणि त्यात मायेच्या माणसाचा वास असतो. जुने दिल्याने अपमान होतो असे सरसकट म्हणता येणार नाही. ते कसे दिले, यावर सगळे अवलंबून आहे.

नाशिकच्या लेण्यातला हिशेब

वस्त्रदानाचा आपल्या मुलखातला एक फार जुना दाखला नाशिकजवळ त्रिरश्मी डोंगरावर आहे. आपण त्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतो. पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी कोरलेली आहेत.

बौद्ध भिक्षूंचे वस्त्र म्हणजे चीवर. सुरुवातीच्या काळात टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, जोडून ते केले जाई. ते तुकडे कसे जोडावेत याची एक गोष्ट विनयपिटकात आहे. मगध देशातील बांध घातलेली चौकोनी शेते पाहून बुद्धांनी आनंदाला विचारले, की अशा आकाराची चीवरे करता येतील का. आनंदाने तशी करून दाखवली. तेव्हापासून भिक्षूंचे वस्त्र तुकड्या-तुकड्यांचे झाले. पावसाळा संपला की उपासकांनी कापड द्यायचे आणि भिक्षूंनी ते एका दिवसात शिवून पुरे करायचे, हा 'कठिन' नावाचा विधीही तेव्हाचाच. कठिन म्हणजे शिवताना कापड ताणून धरायची चौकट. म्हणजे एकत्र बसून शिवणे आणि वस्त्रदान यांची सांगड फार जुनी आहे.

आता हिशेबाकडे येऊ. पांडवलेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदात याचा शिलालेख आहे. हा क्षत्रप नहपान राजाचा जावई, काळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि सोबत ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. ही रक्कम त्याने गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे तेव्हाचे कारागीर मंडळच म्हणा ना. त्यांपैकी २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

वाचकांनी पाटीवर आकडा मांडून पाहावा. २,००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजे तेही २४०. एक कवडी इकडे-तिकडे नाही! शिवाय पैसा ठेवला तो विणकरांकडेच.

देणारा राजघराण्यातला होता. मनात आले तर लेण्याच्या दारात कापडाच्या राशी ओतून तो मोकळा झाला असता. त्याने आधी माणसे मोजली, गरज मोजली आणि दरवर्षी न चुकता पुरेल अशी सोय लावली. दान मोजून-मापून करणे म्हणजे मन कोते असणे, असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. नाशिकचा हा दगड तो खोटा ठरवतो.

गोधडेबुवा

दुसरा दाखला अगदी अलीकडचा. गाडगे महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. पाळण्यातले नाव डेबूजी. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र, हातात खराटा, जवळ मातीचे गाडगे. त्या वेषावरूनच कोणी त्यांना गाडगेबाबा म्हणे, कोणी चिंधेबुवा, तर कोणी गोधडेबुवा.

गावोगाव रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन करायचे आणि लोकांनी दिलेला पैसा स्वतःसाठी न वापरता धर्मशाळा, अन्नछत्रे, शाळा यांत घालायचा, असा त्यांचा क्रम. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी यात्रेकरूंसाठी सोय उभी केली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ रोजी आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरला, गाडगे महाराजही गेले.

भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र हीच पूजा, असे ते सांगत. त्यांच्या वागण्यातली एक गोष्ट आपल्या प्रश्नाशी थेट भिडते. चिंध्या त्यांनी स्वतःच्या अंगावर घातल्या. लोकांना दिल्या त्या पक्क्या भिंतींच्या धर्मशाळा. फाटके स्वतःला आणि धड ते दुसऱ्याला, असा तो व्यवहार होता. आपण पुष्कळदा नेमके उलट करतो. नवे कपाटात ठेवतो आणि बटणे तुटलेला शर्ट 'गरिबाला होईल' म्हणून पिशवीत टाकतो.

मग गोधडीचे काय? तीही जुन्याचीच ना? आमच्या मते उत्तर असे आहे : फाटके ते तसेच देऊ नये, फाटक्याचे धड करून द्यावे. चिंधी देणे आणि गोधडी देणे यांत जो फरक आहे तो देणाऱ्याच्या श्रमाचा आहे. तो श्रम मध्ये आला, की घेणाऱ्याला आपण अडगळीची जागा मानलेले नाही, हे न बोलता कळते.

परमुलखातील गोधड्या

गोव्याच्या सीमेला लागून उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर या तालुक्यांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले. त्यांतील अनेक जण पोर्तुगीज गोव्यातून निसटून या जंगलात येऊन राहिले. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कावंडी म्हणतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, काठाकाठाने फिरत त्या मध्यावर येतात. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुले बसवतात, त्यांना 'फुला' म्हणतात. फुला नसेल तर कावंडी उघडी-नागडी राहिली असे त्या मानतात. घरात दारिद्र्य, कापड जुनेरे, पांघरणारे बहुधा नातवंड, तरी फूल लावल्याशिवाय काम पुरे होत नाही. गरजवंताला नुसती ऊब पुरे, सौंदर्य कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले. जखमी आणि आजारी सैनिकांसाठी उत्तरेकडच्या राज्यांत 'सॅनिटरी कमिशन' स्थापन झाले. गावोगावच्या बायकांनी त्यासाठी गोधड्या शिवल्या. अभ्यासकांचा अंदाज आहे की त्या युद्धात उत्तरेकडे अडीच लाखांच्या आसपास गोधड्या सैनिकांसाठी तयार झाल्या. त्यांतल्या आज मोजक्याच शिल्लक आहेत, कारण त्या वापरून वापरून संपल्या आणि अनेक सैनिकांना त्यांतच गुंडाळून पुरले. त्याउलट, सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालातून पोर्तुगिजांनी नेलेल्या रेशमी भरतकामाच्या रजया युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत. श्रीमंताची रजई टिकते ती वापरली जात नाही म्हणून. गरजूची गोधडी इतिहासाला सापडत नाही, याचा अर्थ ती कामी आली!

सॅनिटरी कमिशनने एक मोठी शहाणी गोष्ट केली. त्यांनी बायकांना माप कळवले. गोधडी साध्या, स्वस्त कापडाची असावी, ७ फूट लांब आणि ५० इंच रुंद. कारण इस्पितळातल्या खाटा अरुंद होत्या. घरच्या रुंद पलंगाची सुंदर रजई तिथे जमिनीवर लोळली असती. आता गंमत पाहा. आपले नऊवारी लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की लांबी होते दोन मीटरला थोडी जास्त, म्हणजे पावणेसात फूट, आणि रुंदी साधारण ४५ ते ५० इंच. आपल्या आज्यांनी सॅनिटरी कमिशनचे नावही ऐकले नव्हते, पण एका माणसाला किती पांघरूण लागते याचे उत्तर दोन्हीकडे जवळजवळ सारखेच निघाले.

दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील बायकांनी रेडक्रॉससाठी सुमारे चार लाख गोधड्या शिवून ब्रिटनला पाठवल्या असे मानले जाते. बाँबहल्ल्यांत घर गेलेल्या कुटुंबांना, इस्पितळांना त्या मिळाल्या. प्रत्येक गोधडीच्या मागे छोटी पट्टी असे. त्यावर कॅनडाच्या रेडक्रॉसची भेट एवढेच लिहिलेले. शिवणारीचे नाव नाही. ज्यांनी लहानपणी त्या पांघरल्या, त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे आयुष्यभर त्या सांभाळल्या.

किल्लारी आणि भूज

आता जवळच्या दुःखाकडे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेशविसर्जन आटोपून लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली गावे गाढ झोपेत होती. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे काही क्षणांत ढिगारा झाली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ते सगळे झोपलेल्यांवर आले. सरकारी आकड्यांप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे गेली. आपल्यापैकी त्या वेळी इथे असलेल्या जुन्या मंडळींना गावाकडे फोन न लागण्याचे ते दिवस आठवत असतील. आभाळच फाटले तिथे ठिगळ कुठे लावणार, हे आपण सहज बोलतो. त्या आठवड्यात ते शब्दशः खरे झाले होते, कारण वरून पाऊसही कोसळत होता.

देशभरातून मदत आली. पुण्यात शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. गरज ओळखून केलेले काम कसे असते, त्याचे हे उदाहरण. परंतु मोठ्या आपत्तीत दुसऱ्याही प्रकारची मदत येते, ती म्हणजे कपड्यांचे ढीग.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप झाला. सुमारे २० हजार माणसे गेली. जानेवारीतली कडक थंडी होती, पांघरुणांची खरोखर गरज होती. ट्रक भरभरून कपडे आले, आणि त्यांतले कितीतरी रस्त्याच्या कडेला पडून राहिले. शहरातल्या बायकांचे कपडे खेड्यातल्या बायका घालीत नाहीत. फाटक्या, मळक्या, मापात न बसणाऱ्या कपड्यांत हवे ते शोधत बसायला कोणाला सवड आहे? २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तेच झाले. कष्ट करून खाणाऱ्या कोळी कुटुंबांना दुसऱ्याचे उतरवलेले कपडे घेणे अपमानाचे वाटले. लाट येईपर्यंत ती कुणापुढे हात पसरणारी माणसे नव्हती.

या ढिगांकडे वेगळ्या नजरेने पाहिले ते अंशू गुप्ता यांनी. त्यांनी १९९९ साली दिल्लीत 'गूँज' ही संस्था सुरू केली, ती स्वतःच्या घरातल्या ६७ कपड्यांपासून. आलेले कपडे निवडायचे, धुवायचे, दुरुस्त करायचे आणि ज्याला जे लागते तेच पाठवायचे, ही त्यांची रीत. जे घालण्यासारखे उरत नाही त्याच्या सुजनी, म्हणजे गोधड्याच, शिवल्या जातात. शिवाय गावाने विहीर खोदली, रस्ता केला, तळे साफ केले, की त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे मिळतात. घेणारा उपकाराखाली दबत नाही. या कामासाठी गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

किल्लारीची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने लातूर-उस्मानाबादच्या बायकांना घरबांधणीच्या कामात पुढे आणले. गावाशी बोलणे, बांधकामावर लक्ष ठेवणे, सरकारी योजनेची माहिती घरोघरी पोचवणे ही कामे त्या करू लागल्या. पुढे भूज हादरले तेव्हा यांतल्याच बायका कच्छला गेल्या आणि 'आम्ही यातून उठलो, तुम्हीही उठाल' हे तिथल्या बायकांना सांगू शकल्या. १९९३ साली ज्यांनी मदत घेतली त्यांनी २००१ साली दिली. घेणारा हा कायमचा घेणारा नसतो. त्याला तसे वागवणे ही दानातली सर्वांत मोठी चूक आहे.

आपला किनारा

आपण ज्या गावात राहतो त्याला तर हे सांगायलाच नको. खोर म्हणजे खाडी आणि फक्कान म्हणजे दोन जबडे. हजर पर्वताच्या कुशीतले हे बंदर १५०७ साली अल्बुकर्कच्या पोर्तुगीज आरमाराने लुटले आणि जाळले. साडेचारशे वर्षांनी, १९६० च्या दशकात, याच किनाऱ्यावर वेगळी माणसे आली. केरळच्या किनाऱ्यावरून लाँचमध्ये दाटीवाटीने बसून ती निघत. लाँचवाला रात्रीच्या अंधारात किनाऱ्यापासून दूरच त्यांना उतरवी. पुढे पोहत यायचे. काही पोचले, काही पोचले नाहीत. जे पोचले त्यांच्या अंगावर भिजलेले कपडे होते आणि जवळ बहुधा काही नव्हते. त्यांचे पहिले कोरडे वस्त्र कोणाच्या तरी हातूनच आले असणार. आज आपण विमानाने येतो, बोगद्यांच्या सुरेख रस्त्याने शारजाहून इथे पोचतो. पण या देशातल्या भारतीय वस्तीचे एक पाऊल अशा ओल्या वाळूत उमटलेले आहे.

आणि गरज फक्त 'तिकडे' असते असेही नाही. जुलै २०२२ च्या अखेरीस फुजैरा, कलबा आणि आपल्या या पूर्व किनाऱ्यावर जो पाऊस झाला त्यात देशात सात जणांचा जीव गेला आणि अनेक कुटुंबांना रात्रीतून घर सोडावे लागले. गाद्या-पांघरुणे चिखलात गेल्यावर काय वाटते, ते तेव्हा या किनाऱ्यावरील पुष्कळांनी अनुभवले.

मग काय करावे?

आता मूळ वादाकडे. हिशेब मांडणाऱ्या बंधूंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. भूकंप-पूर आला की पहिल्या आठवड्यात गोधडी उपयोगाची नाही, ती वेळेवर पोचणारच नाही. तिथे पैसा आणि तयार ब्लँकेट हेच खरे. मात्र या देशाचा कायदा पाळूनच ते करावे लागेल. २०२१ च्या संघीय कायद्याप्रमाणे लोकांकडून देणगी गोळा करण्याचा अधिकार परवाना असलेल्या संस्थांनाच आहे. आपण आपसांत डबा फिरवून वर्गणी काढणे योग्य नाही. अमिरात रेड क्रेसेंटसारख्या अधिकृत संस्थेकडे ज्याने त्याने द्यावे. गोधड्या कोणामार्फत द्यायच्या, हेही अशाच संस्थेला आधी विचारून ठरवावे.

काकू-वहिनींचे म्हणणे उरलेले अर्धे. जी गरज रोजची आहे आणि वर्तमानपत्रात येत नाही, तिथे गोधडीला तोड नाही. नवजात बाळे, म्हातारी माणसे, परगावाहून उपचारासाठी आलेले रुग्ण आणि त्यांच्या उशा-पायथ्याला बसलेले नातेवाईक. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर झोपणारी कुटुंबे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. कपड्याला माप लागते, गोधडी बाई-पुरुष, लहान-थोर कोणालाही होते. ती अंथरता येते, पांघरता येते, घडी घालून उशाला घेता येते.

इतिहासातून आम्ही काढलेले नियम पुढे देत आहोत. मंडळींनी त्यांत भर घालावी.

एक : आधी विचारावे, मग शिवावे. किती जणांना, कोणत्या मापाची, हे घेणाऱ्या संस्थेकडून कळल्याशिवाय सुईत दोरा ओवू नये.

दोन : कापड सुतीच घ्यावे. जॉर्जेट, नायलॉन, पॉलिएस्टरच्या साड्या दिसायला छान, पण त्या घाम शोषत नाहीत आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर भडकून अंगाला चिकटतात. साडी गरम पाण्यातून दोनदा धुऊन, इस्त्री करून आणावी. पिना, टिकल्या, जर काढून टाकावी.

तीन : माप ठेवायला सोपे असावे. नऊवारीच्या चार घड्या, सहावारीच्या तीन. सहावारीची लांबी त्यात सहा फूट होते, मोठ्या माणसाला पुरते. एकीवर थर भागत नसेल तर दुसरी साडी भर म्हणून घालावी. बाळाच्या दुपट्याला एक मऊ साडी दोघा-तिघांना पुरते.

चार : वजन पाहावे. मोठी गोधडी दोन-अडीच किलोंची होते. सुट्टीला गावी जाताना प्रत्येक कुटुंबाने सामानात एक बसवली तरी पुष्कळ. खजूर आणि अत्तराच्या बाटल्या थोड्या कमी न्याव्या लागतील, एवढेच!

पाच : गोधडीवर देणाऱ्याचे नाव घालू नये आणि देताना फोटो काढू नये.

सहा : चारही कोपऱ्यांना एकेक फूल मात्र जरूर लावावे. सिद्दी बायकांकडून एवढे तरी आपण शिकावे.

राहिला त्या भगिनीचा प्रश्न, दान की अडगळ? आमच्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर साडी कपाटातून बाहेर निघते तेव्हा ठरत नाही. त्यानंतर आपण तिच्यासाठी किती वेळ बसतो, त्यावर ते ठरते. ज्यांना शिवता येते त्यांनी मुलींना आणि मुलांनाही जवळ बसवावे. धावदोरा अवघड नाही. इथे वाढणाऱ्या मुलांना आजीचे लुगडे फोटोतच दिसते, ते हातात घेऊन त्याचा पोत कळण्याची ही एक संधी आहे.

पुढील बैठकीत या विषयावर निर्णय घ्यायचा आहे. आपले मत, विरोधी असले तरी, अवश्य मांडावे. ज्यांच्याकडे देण्यासारख्या सुती साड्या आहेत त्यांनी तोपर्यंत त्या धुऊन, घडी घालून घरीच ठेवाव्यात. आधी माणसे मोजू, मग गोधड्या.